इंजिनिअरिंगला ५६ टक्के आणि दोन केट्या (नापास झालेले विषय), तरी एमबीए?

अरे मित्रा, एवढ्यावर एमबीएला प्रवेश मिळेल का म्हणून विचारतोस ना, आधी घाबरणं बंद कर. बऱ्याच आयआयएमच्या शॉर्टलिस्टमधे दहावी, बारावी, ग्रॅज्युएशन सगळ्याचं वजन असतं, तिथे तुला त्रास होणार हे खरंय. पण पुण्यात बसून फक्त कॅटच्याच (आयआयएमची प्रवेश परीक्षा) मागे का लागायचं? राज्याची एमबीए सीईटी दे, कॅपमधे (राज्याची एकत्रित प्रवेश फेरी) मेरिट सीईटीच्या स्कोरवर लागतं, ग्रॅज्युएशनला किमान ५० टक्के पाहिजेत (आपल्याकडच्या आरक्षित प्रवर्गाला ४५), म्हणजे पुम्बा (पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग), मुंबईचं जमनालाल बजाज दोन्ही तुझ्यासाठी उघडे आहेत, फक्त पर्सेंटाइल तगडं आण. सिंबायोसिससाठी स्नॅप ही वेगळी परीक्षा आहे, ती ३ वेळा देता येते, बेस्ट स्कोर धरतात.

आयआयएम, सिंबायोसिसला खरी मारामारी इंटरव्ह्यूत. केटी का लागली हे विचारणारच. प्रोफेसर वाईट होते वगैरे रडगाणं नको, दोन वाक्यांत कारण सांग आणि नंतर काय केलंस त्यावर ये. हिंजवडीत नोकरी आहे ना, मग 'टीममधे काम केलं' असलं गुळमुळीत नको, तू नेमकं काय बदललंस आणि किती वेळ वाचला ते आकड्यात सांग. आणि ज्यात केटी लागली तो विषय वाचूनच जा, त्यातलंच विचारतात लेकाचे! सर्टिफिकेटांचा ढीग नको, स्टॅटिस्टिक्सचा एखादा कोर्स नीट कर, बास.