1840 चे तीन रुपये, अक्षरं वेगळी, मग यातला खोटा कुठला?

तुमचा प्रश्न कळला. खानापूरला आज्जीच्या पेटीत 1840 चे तीन चांदीचे रुपये निघाले, साल तिन्हीवर तेच पण एकावर अक्षरं वेगळी बसलीत, आणि शेजारच्यांनी 'हा डुप्लिकेट' म्हणून टाकलं. तेवढ्यावरनं डुप्लिकेट ठरत नाही वो.

झालंय असं की कंपनी सरकारनं 1840 ला व्हिक्टोरियाचा रुपया काढला आणि 1862 चा नवा येईपर्यंत साल बदललंच नाही, म्हणजे 1855 ला पाडलेल्या रुपयावर पण 1840 च. मधे छाप मात्र बदलला. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरनं सलग कमानीसारखी गेलीत तर तो आधीचा, कंटिन्युअस म्हणतात. व्हिक्टोरिया डावीकडं, क्वीन उजवीकडं आणि मधे राणीचं डोकं घुसलंय तर नंतरचा, डिव्हायडेड. एवढं तर चष्मा न लावता दिसतंय.

पुढचं काम भिंगाचं. मान जिथं कापल्यासारखी संपते त्या काठावर बघा, डब्ल्यू डब्ल्यू असेल, म्हणजे साचा कोरणारा विल्यम वायन. कुठं ती अक्षरं उठावाची, कुठं आत खोदलेली. मग नाणं उलटं करा. वन रुपी भोवती पानांची माळ आहे ना, तिच्यात बारीक बारीक फळं आहेत ती मोजायची. कुठं 19 भरतात, कुठं 28, कुठं 35. मी एकदा रात्री जेवण झाल्यावर मोजायला बसलो, तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले, शेवटी मोबाईलवर फोटो मोठा करून एकेकावर टिंब देत मोजलं तेव्हा कुठं जमलं. हौस असली की असंच.

1862 च्या रुपयात तर आणखी मजा. तेच साल 1874 पर्यंत चाललं, आणि मुंबईच्या टांकसाळीतल्या बऱ्याच नाण्यांवर सालाखाली, वन च्या वर किंवा दोन्हीकडं बारीक ठिपके आहेत. लोक तो मळ समजून खरवडतात!

खरं-खोटं बघायचं तर आधी वजन. बरोब्बर जुना तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, झिजलेला असला तर थोडं कमी. सोनाराच्या काट्यावर करून घ्या, पण बाजारात सराफ 'सगळ्याचा भाव एकच, चांदीचा' म्हणणार, तिथं विकून येऊ नका. काठावरचे दाते सारखे पाहिजेत, ओतलेल्या खोट्या नाण्याला काठावर जोडाची रेघ दिसते. वरच्या बाजूला कडी जोडल्याची खूण असली तर नाणं खरं असू शकतंय, माळेत ओवलेलं असणार, पण किंमत पडते.

आणि चिंच लावून घासू नका प्लीज. मी शाळेत असताना आज्जाचा रुपया चिंच आणि राखेनं चकाचक केला, आज्जा खूष, मी खूष. आता राणीच्या केसांची एक रेघ दिसत नाही त्याच्यावर.

तुमच्या तिसऱ्या रुपयाचा मागच्या बाजूचा फोटो सरळ वरनं, उन्हात नको, सावलीत काढून टाका, फळं मी मोजतो.