रुपीन खिंडीची वाट आणि धबधब्याखालची जास्तीची रात्र

प्रश्न : आम्ही तिशी-चाळिशीतील पाच मित्र-मैत्रिणी सत्तरी आणि काणकोणच्या डोंगरवाटा नेमाने चालतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हिमालयातील रुपीन खिंडीला जाण्याचे ठरले आहे. सुट्टी अपुरी असल्यामुळे वाटेतल्या धबधब्याखालच्या तळावरचा विश्रांतीचा दिवस गाळावा, असे आमच्यातील दोघांचे म्हणणे आहे. चालण्याची सवय चांगली असताना हा दिवस वगळला तर चालेल का? उंचीचा त्रास होऊ नये म्हणून आधीपासून गोळ्या घ्याव्यात का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हा दिवस कृपया गाळू नका. सुट्टी वाढवता येत नसेल, तर यंदा कमी उंचीची दुसरी वाट निवडा. पण ही वाट धरायची तर तिच्यातून नेमका हाच दिवस काढू नका.

रुपीन नदी नैटवाड गावाशी सुपीन नदीला मिळते आणि त्या संगमापासून पुढे तिला टोन्स म्हणतात. आपली वाट उत्तराखंडातील धौल्याहून निघून या रुपीनच्या काठाने वर सरकते, हिमाचलातील जाखा हे कड्यावरचे गाव ओलांडते आणि मग दरीच्या टोकाला तीन टप्प्यांत कोसळणाऱ्या धबधब्यापाशी येते. धबधब्याखालचे कुरण सुमारे साडेतीन हजार मीटरांवर, धबधब्याचा माथा सुमारे चार हजारांवर आणि खिंड सुमारे ४,६५० मीटरांवर आहे. गोव्यातील सर्वांत उंच शिखर असलेला सोसोगड हजार मीटरांच्या थोडाच वर जातो, आणि उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरांपुढे सुरू होतो. म्हणजे गोव्यातील वाटांवर आपल्या पायांची आणि दमाची परीक्षा झालेली आहे; विरळ हवेला आपले शरीर कसे वागते, हे मात्र आपल्यापैकी कोणालाच अजून कळलेले नाही.

खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहिले, तरी प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्या हिशेबाने घटतो. शरीर श्वासाची गती वाढवते, त्यामुळे रक्तातील आम्लाचा तोल ढळतो, आणि तो सावरण्याचे काम मूत्रपिंडे काही दिवस घेऊन करतात. व्यायामाने हे दिवस कमी होत नाहीत. उलट दमदार माणूस भरभर चढतो, म्हणून कित्येकदा त्यालाच आधी त्रास होतो. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढावी, असा सर्वमान्य संकेत आहे. धबधब्याच्या तळापासून माथ्यापर्यंतची चढण एकटीच हे पाचशे मीटर खाऊन टाकते. म्हणून विश्रांतीच्या दिवशी तंबूत पडून न राहता धबधब्याच्या खालच्या टप्प्यापर्यंत सावकाश जाऊन यावे आणि झोपायला पुन्हा कुरणावर यावे.

याहून मोठे कारण परतीच्या वाटेचे आहे. कुरणावर कोणी आजारी पडले, तर त्याला नदीकाठाने जाख्याकडे उतरवता येते. धबधब्याच्या वर गेल्यानंतर आजारी माणसाला घेऊन ओल्या खडकांवरून आणि घट्ट बर्फाच्या उतारावरून खाली यावे लागेल, तेही कदाचित रात्री. त्यामुळे ज्याला त्रास व्हायचा आहे, त्याला तो धबधब्याखाली असतानाच कळावा, यातच सर्वांचे हित आहे. नुसते डोके दुखत असेल, मळमळत असेल किंवा जेवण नकोसे झाले असेल, तर बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब खाली उतरवावे. भूक मंदावली तरी पोटात काही जायला हवेच. मीठ घातलेली गरम पेज अशा वेळी उत्तम, आणि उकडे तांदूळ बरोबर नेणे काही अवघड नाही.

गोळ्यांबद्दल : असिटाझोलामाइड हे औषध शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते आणि ते साधारणपणे चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात. त्याने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल, तर डॉक्टरांना ती आधीच सांगावी. मात्र या गोळीच्या भरवशावर मुक्काम कमी करू नये. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या दिवसांत पूर्णपणे टाळाव्यात.

एक गोष्ट गोव्याच्या माणसाला मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे दूधसागर पावसावर भरतो आणि उन्हाळ्यात रोडावतो. रुपीनचा धबधबा जूनमध्ये उन्हावर भरतो. दिवसभर बर्फ वितळते, दुपारनंतर प्रवाह फुगतात, रात्री गारठ्याने वितळणे मंदावते आणि पहाटे पाणी सर्वांत कमी असते. म्हणून आकाश निरभ्र आहे, पाऊस नाही, एवढ्यावरून पाणी वाढणार नाही असे समजू नये. धबधब्याच्या कडेची चढण आणि प्रवाहांवर बर्फाचे झालेले पूल सकाळी लवकरच ओलांडावेत. ते पूल खालून पोखरलेले असतात, तेव्हा वाटाड्याने काठीने ठोकून पाहिल्याशिवाय त्यांवर पाऊल ठेवू नये. खिंडीखालच्या अरुंद, उभ्या घळीलाही हाच नियम लागू आहे. तिथे पहाटेचे घट्ट बर्फ पाय धरते, उन्हे चढल्यावर ते भुसभुशीत होते आणि वरून दगड सुटू लागतात. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायच्या दातेरी साखळ्या, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, सर्वांजवळ आहेत ना, हे निघण्यापूर्वी आयोजकांना विचारून घ्यावे.

निघण्यापूर्वीचे काही आठवडे पाठीवर ओझे घेऊन पारोड्याच्या चंद्रनाथाचा डोंगर चढावा, आणि उतरण्याचाही सराव करावा, कारण खिंडीपलीकडे हिमाचलातील सांगला या गावापर्यंतची उतरण लांब आहे आणि गुडघ्यांची कसोटी पाहणारी आहे.

प्रश्न : हीच वाट सप्टेंबरच्या अखेरीस केली तर धबधबा पाहायला मिळेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : मिळेल. बर्फाचे पूल तोवर नाहीसे झालेले असतात, त्यामुळे धबधब्याचे टप्पे उघडे दिसतात आणि आकाश बहुधा स्वच्छ असते. घळीत मात्र बर्फाऐवजी सुटे दगड असतात. तिथे एकमेकांच्या थेट खाली चालू नये आणि डोक्यावर हेल्मेट असावे. रात्रीची थंडी जूनपेक्षा जास्त असते, म्हणून झोपण्याची पिशवी त्या बेताची घ्यावी. विश्रांतीचा दिवस तेव्हाही तितकाच आवश्यक आहे.