विकर म्हणजे विरजणच का?

पलूसच्या एका ताईंनी विचारलंय की मुलीच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हटलंय, दुसरीकडं कुठंतरी वितंचक वाचलं, मग सरळ विरजण का म्हणत नाहीत, दोन्ही थोडंसंच लागतं की.

ताई, तुम्ही नेमका मुळालाच हात घातलाय. वितंचक मला संस्कृतातल्या आतंचनाच्या कुळातला दिसतो, आणि आतंचन म्हणजे दूध विरजायला लावतात ते. एन्झाइमचा ग्रीक अर्थ तरी काय, तर 'यीस्टमधलं', १८७० च्या दशकात क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानं तो शब्द घडवला. त्यांच्याकडं यीस्ट, आपल्याकडं दही.

तरीपण विरजण म्हणू नये असं माझं ठाम मत आहे, कारण विरजण जिवंत असतं. चमचाभर लावलं की त्यातले बॅक्टेरिया रात्रभर वाढतात आणि सकाळच्या दह्यातलं चमचाभर परत उद्याला चालतं. विकर असं वाढत नाही, ते पेशीनं बनवलेलं प्रोटीन, एका रेणूचं काम झालं की ते न संपता दुसऱ्याला धरतं. दुधातल्या लॅक्टोजचं लॅक्टिक ॲसिड होतं ते बॅक्टेरियाच्या आतल्या विकरांमुळंच, म्हणजे विरजण हा कामगार आणि विकर त्याच्या हातातलं हत्यार. हे समजायला १८९७ साल उजाडलं. पाश्चरसारखा मोठा माणूससुद्धा म्हणायचा की जिवंत पेशीशिवाय आंबणं होत नाही, आणि बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं यीस्ट वाळूत घोटून नुसता रस पिळला, त्यात जिवंत पेशी नाही तरी साखरेचं अल्कोहोल झालं! १९०७ चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं.

आपल्या भागातलं बघा, तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात पडला की उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, घटतो. वाळून वजन जातं ते वेगळं, कापलेल्या तोंडातून बॅक्टेरिया शिरतात तेही आहेच, खरं उसाच्या आतच इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, ते साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत राहतं आणि तेवढी साखर पोत्यात येत नाही. इथं कुणी विरजण लावलंय?

म्हणून मुलीला विकरच लिहू दे. आंबवण्याला मात्र पुस्तकात किण्वन म्हणतात, तो शब्द बिनधास्त वापरा, त्यातलं किण्व कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारू आंबवायच्या मसाल्यालाच म्हटलंय.