सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांनी जैसलमेरच्या वाळवंटात पायी फिरायचं तर तयारी काय करावी?

तुम्ही लिहिलंय, नाशिकचे चौघे मित्र आहात, हरिहर-साल्हेर पायाखालचे आहेत, आता थारमध्ये दोन-तीन दिवस चालायचंय. जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांपैकी सम बरं की खुरी, आणि काय तयारी करायची?

खुरी. समच्या टेकड्या जैसलमेरपासून 40 किलोमीटरवर, रस्त्याला लागूनच आहेत. तंबूंच्या रांगा, जीपगाड्या, रात्री मोठ्याने लावलेली गाणी, असा तिथला मामला. चालणाऱ्याला तिथे काही मिळत नाही. खुरीकडे गावातला उंटवाला ठरवा. सामान आणि पाणी उंटावर, तुम्ही पायी. जवळच डेझर्ट नॅशनल पार्क आहे, 3,162 चौरस किलोमीटरचं, माळढोकाचं घर. त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.

आता पाणी, कारण सगळा बेत त्यावरच ठरतो. गडावर टाकं मिळेल या भरवशावर आपण दोन बाटल्या घेऊन निघतो. इगतपुरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जैसलमेरला 200 मिलिमीटरही नाही. तिथल्या वस्त्यांवर पावसाचं पाणी साठवायचे टांके असतात, पण ते त्या घराचं वर्षभराचं पाणी असतं. विचारल्याशिवाय त्यात बाटली बुडवू नका, आणि विचारून मिळेल असं गृहीत धरूनही निघू नका. थंडीतसुद्धा माणशी दिवसाला पाच लिटर धरा, स्वयंपाकाचं वेगळं. उंटवाल्याशी पैशांचं बोलण्याआधी कॅन किती आणि कुठे भरणार, ते बोला.

वाळू सगळीकडे असेल असं समजू नका. बरंच चालणं खडकाळ माळावरून, खेजडीच्या (आपली शमी) झाडांमधून होतं. वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य आणि दबून घट्ट झालेली असते, तिकडून चढा. पलीकडचा उतार तीसएक अंशांचा आणि सैल, तिथे पाय रुततो आणि दम निघतो. वर गेल्यावर माथ्याच्या धारेने चाला. सरावाला ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांपेक्षा गोदेकाठची ओली-सुकी वाळू मिळाली तर उत्तम. गुडघ्यांपेक्षा पोटऱ्या आणि घोटे जास्त बोलतात.

जाळीदार कापडाचे शूज नकोत, वाळू आत जाते. भुरट नावाच्या गवताची काटेरी फळं मोज्यांत घुसतात, तेव्हा छोटा चिमटा ठेवा. तोंडाला गुंडाळायला सुती पंचा. फुरसं तिथेही आहे, म्हणून अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे. निफाडची थंडी अंगावर घेतली असेल तर डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींचा अंदाज येईल. स्लीपिंग बॅग चांगलीच घ्या. उंटावर बसलातच तर तो उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, तेव्हा मागे रेला.

रात्री ध्रुवतारा जरूर बघा. नाशिकला तो क्षितिजापासून 20 अंशांवर असतो, तिथे जवळपास 27 अंशांवर. हात लांब करून मूठ धरलीत तर साधारण दहा अंश होतात, म्हणजे मुठीपेक्षा थोडा कमी असा हा फरक डोळ्यांना कळतो.

जैसलमेरजवळच्या कुलधरा या ओसाड गावात सगळे भुताच्या गोष्टी ऐकायला जातात. माझं मनापासून सांगणं आहे, तिथल्या पालीवाल ब्राह्मणांची खडीनं बघा. उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू, हरभरा. इतक्या कमी पावसात शेती उभी करणारी ही माणसं होती, आणि आजही काही खडीनं पिकतात. द्राक्षांना टँकरने पाणी घालायची वेळ पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने तिथे तासभर तरी थांबावं.

नाशिकहून सुरतमार्गे अहमदाबाद, तिथून रेल्वेने जोधपूर, पुढे जैसलमेर आणखी 280 किलोमीटर. सीमा जवळ असल्यामुळे ओळखपत्र प्रत्येकाकडे हवं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ चालण्याचा. माघ पौर्णिमेच्या आसपास मरू महोत्सव असतो आणि जैसलमेरला राहायच्या जागा भरून जातात, तेव्हा ते दिवस टाळून तारखा ठरवा.