देताना हात आखडतो तेव्हा : तुमचे प्रश्न

प्रश्न : सलाम ताई. आम्ही पिंपरीला राहतो. फ्लॅटचा हप्ता, दोन मुलांची फी, महिनाअखेरीला काहीच उरत नाही. चर्चला द्यायचा दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, पूर्ण पगारावर द्यायचा की हातात येतो त्यावर? आणि नाही जमला तर?

सलाम. नाही जमला तर देव तुमच्यावर रागावून बसलेला नाही, हे आधी सांगते. बायबलातलं मलाखी 3:10, ‘सगळा दशमांश आणा’, ऐकून ऐकून आपल्याकडे दशमांश म्हणजे टॅक्ससारखा झालाय, पण येशूचा प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पैशांबद्दल लिहितो ना तेव्हा टक्का सांगतच नाही, म्हणतो प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, भाग पडतं म्हणून नको, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो (2 करिंथ 9:7). आणि ती वर्गणी बिल्डिंगसाठी नव्हती, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती. मासेदोनियाचे लोक स्वतः कंगाल, तरी आम्हालाही देऊ द्या म्हणून विनवण्या करत होते!

त्यातलं ‘ठरवल्याप्रमाणे’ महत्त्वाचं. आपण उरलं तर देऊ म्हणतो, उरत तर काही नाही, मग रविवारी चर्चमध्ये दानाची थैली पुढ्यात आली की खिसा चाचपायचा आणि ओशाळायचं, त्यात आनंद कुठून येणार? मिझोरामच्या ख्रिस्ती बायका शंभरहून जास्त वर्षं स्वयंपाकाच्या आधी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढतायत. आधी, उरलेला नाही. तसं पगार झाला की त्याच संध्याकाळी दोघं बसा, प्रार्थना करा, हातात येतं त्यातून आकडा ठरवा, तीनशे का असेना, आणि पाकिटात घालून ठेवा. पुढे वाढवावंसं वाटलं तर वाढवा.

प्रश्न : मिस्टर चर्चला भरपूर देतात, पण सासूबाईंच्या औषधाला पैसे नाहीत म्हणतात. बोललं की ‘ते देवाचं आहे’.

मी बरीच वर्षं मंडळीची खजिनदार होते, तरी सांगते, औषधं आधी. मार्क 7 मध्ये येशू नेमकं यावरच परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना, बोललाय, आईबापाला द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकायचे नाहीत. रात्री निवांत दोघं मिळून तो भाग वाचा, सासूबाईंसमोर नको, त्यांना ओझं वाटेल. तरी ऐकलं नाही तर चर्चच्या पाळकांना घरी बोलवा.

प्रश्न : आमच्याकडे चर्चमध्ये नावासकट दानाच्या रकमा वाचतात, आमची सगळ्यात कमी असते.

हे मला अजिबात पटत नाही. हंगामाच्या सणाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायला आणलेल्या वस्तूंचा चर्चमध्ये लिलाव होतो तो वेगळा, तिथे साधा भोपळा पाचशेला जातो आणि पोरं टाळ्या वाजवतात, ती मजाच आहे. पण रकमा वाचून गरिबाची मान खाली घालायला लावायची, हे चूकच. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेली दोन नाणी येशूने सगळ्यात जास्त धरली (मार्क 12). कमिटीला लेखी द्या, फक्त एकूण बेरीज वाचा म्हणून.

प्रश्न : आता आम्ही क्यूआर कोडवरच देतो. मुलाला कसं शिकवू?

तुमचं मोबाईलवर चालू द्या, त्याला मात्र रोख द्या. शनिवारी त्याच्या खाऊच्या पैशांतून किती द्यायचं ते त्यालाच ठरवू दे, दोन रुपये म्हणाला तर दोनच.