आरपीएम पाटीवर, रेडियन हिशेबात

वाळूजच्या कारखान्यात नवीन लागलायस म्हणून सांगतो. मोटरच्या पाटीवर १४४० आरपीएम (मिनिटाला फेरे) लिहिलंय, ते तसंच राहू दे. फिटर, वाइंडिंगवाला, दुकानदार सगळे त्यातच बोलतात. मिनिट हे एसआयचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मापपद्धतीचं, एकक नसलं तरी एसआयसोबत चालतं. शुद्धतेपायी '२४ फेरे प्रति सेकंद' म्हणशील तर समोरचा तोंडाकडं बघत बसेल.

हिशेबाला मात्र रेडियन (कोन मोजायचं एकक) प्रति सेकंदच घे. एका फेऱ्यात २π रेडियन, म्हणून आरपीएमला २π ने गुणून ६० ने भागायचं. घाईत नुसतं ९.५५ ने भाग. १४४० चे झाले साधारण १५१. आता ३.७ किलोवॅटची, म्हणजे पिठाच्या गिरणीवर असते तसली पाच एचपीची मोटर घे. ३७०० वॅट भागिले १५१, टॉर्क म्हणजे फिरवायचा जोर साडेचोवीस न्यूटन-मीटर. मी सुरुवातीला थेट १४४० नेच भागलं, अडीच आले, आणि त्या भरवशावर कपलिंग (मोटरचा दांडा यंत्राला जोडणारा भाग) निवडलं! दुसऱ्या दिवशी त्यातल्या रबरी स्पायडरचा भुगा खाली पडलेला.

आणि फिरण्याला हर्ट्झ लावू नको. विजेची लाइन ५० हर्ट्झची, शाफ्ट म्हणजे मोटरचा दांडा सेकंदाला २४ फेऱ्यांचा; ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) डिस्प्लेवर दोन्ही आकडे आलटूनपालटून दिसले की हमखास घोळ होतो.