वाचक विचारतात : बासरी, क्लॅरिनेट आणि आपली दमट हवा

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. गावच्या भजनात पेटीबरोबर वाजवता येईल अशी बासरी हवी. दुकानदार ‘पांढरी तीन’च घ्या म्हणतो. घ्यावी का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आत्ता नको. पांढरी तीन म्हणजे जिचा सा पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीशी जुळतो ती. ही बासरी मैफलीची, साधारण ७५ सेंटिमीटर लांब. दहा वर्षांच्या मुलीची बोटं तिच्या छिद्रांवर पुरत नाहीत. एखादं छिद्र केसभर उघडं राहिलं तरी खालचा स्वर फाटतो आणि मूल आपली फुंकरच कमी पडते असं समजून जोर लावत बसतं. आकडा वाढतो तशी बासरी आखूड होते, म्हणून पांढरी पाच घ्या. बोटं फारच लहान असतील तर पांढरी सहा.

मागवताना ‘वरची तीन छिद्रं बंद केल्यावर सा पांढरी पाच’ असं स्पष्ट सांगा. काही विक्रेते सहाही छिद्रं बंद करून निघणाऱ्या स्वरावरून पट्टी सांगतात आणि मग हीच बासरी ‘पांढरी दोन’ ठरते. तुमचं मंडळ पांढरी दोनमध्ये गात असेल तर मात्र हे सोयीचंच आहे. सहा छिद्रं बंद असतानाचा स्वर सा धरला की पुढचे शुद्ध स्वर अर्धं छिद्र न दाबता मिळतात.

बासरी घेताना पाच मिनिटं वाजवून ती गरम करा, मगच पेटीशी स्वर लावून बघा. थंड बासरी उतरलेलीच वाजते. मधल्या आणि तार सप्तकातला सा एकमेकांशी जुळत नसेल तर बहुधा आतलं बूच जागेवरून हललेलं असतं. फुंकरीच्या छिद्रापासून शेवटच्या छिद्रापर्यंत बांबूला गाठ नसावी. बारीक टोचल्यासारखी भोकं दिसली किंवा बासरी हलवल्यावर पिठासारखा भुसा पडला, तर आत कीड आहे. तशी बासरी फुकट मिळाली तरी घरातल्या चांगल्या बासऱ्यांजवळ ठेवू नका.

प्रश्न : वातानुकूलित सभागृहात कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी खालचा पंचम लागेना. बासरी गेली का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : गेलेली नसावी. वाजवताना आतली बाजू श्वासाच्या ओलीने फुगते आणि बाहेरून एसीचा कोरडा झोत बांबू आकसवतो. ताण बाहेरच्या थरावर येतो आणि तो उभा चिरतो. संशयाच्या जागी सेलोटेप चिकटवा आणि पंचम वाजवा. स्वर परत आला तर चीर तिथेच आहे.

दुरुस्ती घरी करता येते. बासरी सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या. मग चिरेत पातळ सुपरग्लूचे एक-दोन थेंब सोडा आणि वर आलेला लगेच पुसा. छिद्राच्या कडेला थेंबही जाऊ देऊ नका, कड बिघडली की स्वर बिघडतो. नंतर जाड नायलॉन दोरा घ्या. दोऱ्याच्या टोकाचा लांबट फास करून तो बासरीवर आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवा आणि त्याच्यावरून एकाला एक चिकटून बारा-पंधरा घट्ट वेढे घ्या. शेवटचं टोक फासातून ओवा. मग पलीकडचं मोकळं टोक ओढा, म्हणजे फास टोकासकट वेढ्यांखाली जाईल. फास वेढ्यांच्या मध्यावर पोचला की थांबा आणि दोन्ही टोकं कापा. गाठ राहत नाही, हाताला टोचत नाही. चीर लांब असेल तर असे दोन-तीन पट्टे बांधा. फुंकरीच्या छिद्रातूनच चीर गेली असेल तर ती कारागिराकडे द्या.

पुढच्या वेळी बासरी पिशवीतून काढून अर्धा तास सभागृहाच्या हवेत राहू द्या आणि एसीच्या झोतासमोर बसू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका.

पावसाळ्यात त्रास उलटा होतो. वाजवून झाल्यावर काडीला सुती फडकं गुंडाळून आतून पुसा आणि निदान तासभर उघडी ठेवा. ओली बासरी पिशवीत गेली की आत बुरशी धरते. तेल लावायचं तर पूर्ण वाळलेल्या बासरीला, बदामाचं किंवा मोहरीचं, कापसाने पुसल्याइतकंच. जून ते सप्टेंबर तेल लावू नये हेच बरं.

प्रश्न : मुलगा मिरवणुकीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकतो. जुनी लाकडी घ्यावी की नवी प्लॅस्टिकची? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : प्लॅस्टिकची. उन्हातून पावसात जाणारं वाद्य लाकडाचं असेल तर सांधे फुगून अडकतात. पुढे तो बसून, घरात वाजवू लागला की लाकडीचा विचार करा. रीड, म्हणजे फुंकरीने थरथरणारी वेताची पातळ पट्टी, दोन किंवा अडीच नंबरची घ्या, आणि वाजवून झाल्यावर ती काढून सपाट पृष्ठभागावर सुकवा. माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) राहू दिली तर ती वाकडी होते. फडकं बेलच्या (खालच्या पसरट तोंडाच्या) बाजूने आत सोडून ओढा.

दमट दिवसांत पॅड (चावीखालच्या, छिद्र झाकणाऱ्या गाद्या) चिकटतात आणि चावी दाबल्यावर ‘टच्’ असा आवाज येतो. पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून चावी दाबा, सोडा, मग कागद काढा. चावी दाबलेली असताना ओढलात तर पॅडची पातळ कातडी फाटते.